पेशींची परीक्षा, औषधाची निवड

प्रस्तावना

शेतात खत घालण्यापूर्वी जाणता शेतकरी मातीचे परीक्षण करून घेतो. जमिनीत नत्र किती, पालाश किती, हे कळल्यावाचून घातलेले खत वाया जाते. कधी कधी पिकाचे नुकसानही करते. औषधांनाही हाच न्याय लागू पडतो. लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला, तर डॉक्टर लघवीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवितात, हे तुम्हांला ठाऊक असेल. तेथे नमुन्यातील जंतू वाढवितात, त्यांच्यावर निरनिराळी प्रतिजैविके वापरून पाहतात आणि जे औषध लागू पडते ते रुग्णास देतात.

मग कर्करोगाच्या पेशींचीही अशीच परीक्षा घेऊन औषध निवडता येईल का? हा प्रश्न वैज्ञानिकांपुढे अनेक दशके उभा आहे. त्याचे उत्तर काही बाबतींत 'होय' असे मिळाले आहे, तर काही बाबतींत अजून शोध चालू आहे. हा फरक समजून घेणे प्रत्येक सुजाण नागरिकाच्या हिताचे आहे. कारण घरात असा आजार शिरला की पैसा, वेळ आणि शक्ती या तिन्ही गोष्टी कमी पडू लागतात. प्रस्तुत माहितीपर लेखात या परीक्षेची ओळख करून घेऊ.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• कर्करोग हा एकच आजार नसून अनेक आजारांचा समूह आहे, हे सांगू शकाल;
• गाठीतील पेशींच्या तपासणीचे दोन प्रकार आणि त्यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• डॉ. कमल रणदिवे यांच्या कार्याची थोडक्यात माहिती देऊ शकाल;
• तपासणीसाठी दिलेला नमुना नीट जपण्याचे महत्त्व पटवून देऊ शकाल;
• शास्त्रीय विषयावरील लेखातील पारिभाषिक शब्दांचा अर्थ ओळखू शकाल.

मूळ पाठ

१. नाव एक, आजार अनेक

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी झिजतात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात. ही घडामोड जनुकांच्या नियंत्रणाखाली अत्यंत शिस्तीने चालते. एखाद्या पेशीच्या जनुकांत बिघाड झाला आणि ती नियंत्रण झुगारून अमर्याद वाढू लागली, की गाठ तयार होते. गाठीतील पेशी आजूबाजूच्या भागात घुसू लागल्या, रक्तावाटे दूरच्या अवयवांत जाऊन रुजू लागल्या, की त्या आजाराला आपण कर्करोग म्हणतो.

व्यवहारात आपण 'कॅन्सर झाला' असे एकाच शब्दात सांगतो. परंतु बिघडलेली जनुके वेगळी, तर आजाराचा स्वभावही वेगळा. स्तनाच्या कर्करोगाच्या दोन रुग्ण स्त्रिया घेऊ. दोघींची गाठ सारख्याच आकाराची आहे, दोघींचे वयही सारखे आहे. तरीही एकीच्या गाठीतील पेशी इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या बळावर वाढत असतात आणि दुसरीच्या पेशींना त्या संप्रेरकाची गरजच नसते. पहिलीला संप्रेरक रोखणारी गोळी गुणकारी ठरेल. दुसरीला त्याच गोळीचा काही उपयोग होणार नाही. हा भेद डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. तो पेशींनाच विचारावा लागतो.

२. रसायनोपचाराचे दुधारी शस्त्र

औषधी रसायनांच्या साहाय्याने कर्करोगाच्या पेशी नष्ट करण्याच्या उपचाराला रसायनोपचार म्हणतात. लोकांच्या तोंडी त्याचे 'केमोथेरपी' किंवा नुसते 'केमो' हे नाव रुळले आहे. या उपचाराचा प्रारंभ १९४० च्या दशकात झाला. १९४८ साली अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या बालकांना अमिनोप्टेरिन नावाचे औषध दिले आणि काही बालकांचा आजार तात्पुरता का होईना, माघारी गेला. हे औषध ज्या संशोधकांच्या गटाने तयार केले होते, त्याचे नेतृत्व आंध्रातील भीमवरम् येथे जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव करीत होते. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट हे औषध आजही वापरात आहे.

रसायनोपचाराची बहुतेक जुनी औषधे भराभर विभागणाऱ्या पेशींवर हल्ला करतात. कर्करोगाच्या पेशी भराभर विभागतात, म्हणून त्या मरतात. परंतु केसांची मुळे, तोंडातील व आतड्यातील अस्तर, हाडांतील मगज येथील निरोगी पेशीही भराभर विभागत असतात. त्यामुळे केस गळतात, तोंड येते, उलट्या होतात, रक्तातील पांढऱ्या पेशी घटून जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. औषध लागू पडणार असेल, तर रुग्ण हा त्रास सोसतो आणि त्यातून सावरतोही. मात्र लागू न पडणारे औषध दिले गेले, तर त्रास तेवढाच होतो, खर्च तेवढाच होतो आणि आजार मधल्या काळात वाढत राहतो. औषधाची निवड आधी नीट व्हावी, असा आग्रह धरण्यामागे हे कारण आहे.

३. शरीराबाहेर पेशी वाढविण्याचे शास्त्र

पेशींची परीक्षा घ्यायची, तर त्या शरीराबाहेर जिवंत ठेवता आल्या पाहिजेत. या शास्त्राला ऊतिसंवर्धन म्हणतात. आपल्या देशात या शास्त्राचा पाया घालण्यात एका मराठी स्त्रीचा मोठा वाटा आहे. त्या म्हणजे डॉ. कमल रणदिवे.

कमलताईंचा जन्म १९१७ साली पुण्यात झाला. हुजूरपागा शाळा आणि फर्ग्युसन महाविद्यालय येथे त्यांचे शिक्षण झाले. विवाहानंतर त्या मुंबईस आल्या. परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले होते आणि तेथील विकृतिशास्त्र विभागाची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. रोगामुळे शरीरातील पेशींत व ऊतींत होणाऱ्या बदलांचा अभ्यास म्हणजे विकृतिशास्त्र. डॉ. खानोलकर हे भारतातील या शास्त्राचे जनक मानले जातात. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलताईंनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली.

पुढे त्या अमेरिकेतील बाल्टिमोर येथे, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, डॉ. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकल्या. १९५१ साली याच प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स नावाच्या स्त्रीच्या गाठीतील पेशी शरीराबाहेर अखंड वाढत ठेवण्यात यश आले. 'हेला' या नावाने त्या पेशी आजही जगभरातील प्रयोगशाळांत वाढत आहेत. मात्र त्या घेताना त्या गरीब, कृष्णवर्णीय स्त्रीची संमती कोणी घेतली नव्हती. आपल्या शरीरातून काढलेल्या नमुन्याचे पुढे काय होणार, हे विचारण्याचा आणि जाणून घेण्याचा हक्क रुग्णाला आहे, ही जाणीव या घटनेच्या चर्चेतून जगभर दृढ झाली.

भारतात परतल्यावर कमलताईंनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात, १९६० च्या दशकात, देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांच्या संबंधाकडे आरंभीच लक्ष वेधणाऱ्या संशोधकांत त्यांची गणना होते. १९७३ साली त्यांनी आपल्या सहकारी स्त्रियांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेची स्थापना केली. १९८२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. २००१ साली त्यांचे निधन झाले.

पाठगत प्रश्न – १

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवून वाढविण्याच्या शास्त्राला ........ म्हणतात.
२. डॉ. कमल रणदिवे यांनी डॉ. ........ यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविली.
(आ) चूक की बरोबर ते लिहा.
३. रसायनोपचाराची बहुतेक जुनी औषधे केवळ कर्करोगाच्या पेशींवरच परिणाम करतात.

४. काचेच्या बशीतील परीक्षा

पेशी बशीत वाढविता येऊ लागल्यावर पुढची कल्पना आपोआप सुचली. रुग्णाच्या गाठीतून ताज्या पेशी घ्याव्यात, त्या बशीत वाढवाव्यात, प्रत्येक बशीत एकेक औषध घालावे आणि पेशी कोठे मरतात ते पाहावे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील सिडनी सॅमन आणि ॲन हॅम्बर्गर यांनी या पद्धतीचे प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. जंतूंबाबत जे साधले ते कर्करोगाबाबतही साधेल, असे अनेकांना वाटले.

अनुभव मात्र संमिश्र आला. बशीत जे औषध निष्प्रभ ठरले, ते रुग्णातही बहुधा निष्प्रभ ठरले; परंतु बशीत जे प्रभावी ठरले, ते रुग्णात प्रभावी ठरेलच, अशी खात्री देता येईना. असे का व्हावे? त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले कारण असे, की गाठीतून काढलेल्या सर्वच पेशी बशीत वाढत नाहीत. अनेक नमुने वाढतच नाहीत. काही वेळा कर्करोगाच्या पेशी मागे पडतात आणि त्यांच्या भोवतालच्या निरोगी पेशीच फोफावतात. दुसरे कारण असे, की एकाच गाठीत निरनिराळ्या स्वभावाच्या पेशी असतात. एका कोपऱ्यातून घेतलेला तुकडा साऱ्या गाठीची साक्ष देतोच असे नाही. तिसरे कारण सर्वांत बोलके आहे. बशी म्हणजे शरीर नव्हे. बशीत रक्तवाहिन्या नसतात, रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी नसतात आणि यकृतही नसते. सायक्लोफॉस्फामाइड हे कर्करोगावरील जुने व बहुपयोगी औषध आहे. ते पोटात किंवा शिरेत जाते तेव्हा निष्क्रिय असते. यकृतात गेल्यावर त्याचे रूपांतर होते आणि मगच ते कर्करोगाच्या पेशींना मारते. हे औषध जसेच्या तसे बशीत घातले, तर चांगले औषधही निरुपयोगी ठरल्यासारखे भासेल.

या मर्यादांमुळे अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेऊन २००४ साली आणि पुन्हा २०११ साली असे मत दिले, की अशा चाचण्यांचा वापर संशोधनापुरताच ठेवावा. केवळ त्यांच्या आधारे रुग्णाचे औषध ठरवू नये.

म्हणून ही वाट बंद झाली असे समजू नये. बशी अधिकाधिक शरीरासारखी करण्याचे प्रयत्न चालू आहेत. २०१५ साली बंगळुरूतील संशोधकांचा सहभाग असलेल्या एका गटाने नवी पद्धत प्रसिद्ध केली. तीत सुट्या पेशींऐवजी गाठीचे पातळ काप घेतात आणि ते त्याच रुग्णाच्या रक्तातील द्रवात जिवंत ठेवून त्यांवर औषधे तपासतात. २०१८ साली लंडन येथील संशोधकांनी रुग्णांच्या पेशींपासून सूक्ष्म, त्रिमित गोळे वाढविले आणि त्यांचा औषधांना मिळणारा प्रतिसाद रुग्णांच्या प्रतिसादाशी बऱ्याच अंशी जुळतो, असे दाखविले. ही उमेद वाढविणारी वार्ता आहे. परंतु चाचणीनुसार औषध दिलेले रुग्ण इतर रुग्णांपेक्षा अधिक जगतात, असे मोठ्या संख्येच्या अभ्यासात सिद्ध व्हावे लागते. तोपर्यंत अशा चाचणीवर घरदार गहाण टाकणे शहाणपणाचे नाही.

५. पेशीवरील खुणा

पेशींची परीक्षा घेण्याचा दुसरा मार्ग वेगळा आहे. यात पेशी जिवंत ठेवाव्या लागत नाहीत. त्यांच्यावरील प्रथिने आणि त्यांच्यातील जनुके तपासली जातात आणि त्या खुणांवरून औषध निवडले जाते. कुलूप उघडण्यासाठी जुडग्यातील प्रत्येक किल्ली लावून पाहणे हा एक मार्ग. कुलपाची घडण पाहून किल्ली निवडणे हा दुसरा मार्ग. आज उपचारांची मुख्य भिस्त या दुसऱ्या मार्गावर आहे.

स्तनाच्या कर्करोगात तीन प्रथिनांची तपासणी प्रत्येक रुग्णाबाबत आवश्यक मानली जाते. इस्ट्रोजेन ग्राहक, प्रोजेस्टेरॉन ग्राहक आणि हर-२ ही ती तीन प्रथिने होत. पहिल्या दोहोंपैकी एखादे आढळल्यास संप्रेरक रोखणारे औषध उपयोगी पडते. हर-२ हे प्रथिन प्रमाणाबाहेर आढळल्यास ट्रॅस्टुझुमॅब हे औषध रसायनोपचाराच्या जोडीला देतात. १९९८ साली अमेरिकेत या औषधास मान्यता मिळाली. तिन्ही प्रथिने नसतील, तर मुख्य आधार रसायनोपचाराचाच असतो.

रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार दीर्घकाळ, संथपणे वाढतो. या आजारातील पेशींत दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. ही खूण १९६० साली फिलाडेल्फिया शहरात प्रथम दिसली. तिच्यावर नेमका घाव घालणारे इमॅटिनिब हे औषध २००१ साली आले आणि जो आजार प्राणघातक होता, तो रोज गोळी घेऊन अनेक वर्षे ताब्यात ठेवता येऊ लागला.

खूण न पाहता औषध दिले तर काय होते, हे फुफ्फुसाच्या कर्करोगावरील एका अभ्यासाने स्पष्ट केले. पूर्व आशियातील बाराशेहून अधिक रुग्णांवरील हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात काहींना गेफिटिनिब ही गोळी दिली, तर काहींना नेहमीचा रसायनोपचार. ज्यांच्या पेशींत ईजीएफआर या जनुकात विशिष्ट बदल होता, त्यांच्यापैकी १०० जणांमागे ७१ जणांच्या गाठी गोळीने लहान झाल्या. रसायनोपचाराने ४७ जणांच्या. ज्यांच्यात तो बदल नव्हता, त्यांच्यात मात्र गोळीचा उपयोग १०० पैकी जेमतेम एकाला झाला आणि रसायनोपचाराचा सुमारे २४ जणांना. आजाराचे नाव तेच, गोळी तीच. तरीही एकाला वरदान आणि दुसऱ्याचा केवळ वेळ वाया!

याच धाग्याचे पुढचे टोक मुंबईत सापडते. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०१६ ते २०१८ या काळात ईजीएफआर जनुकात बदल असलेल्या ३५० रुग्णांचा अभ्यास केला. निम्म्यांना केवळ गेफिटिनिब दिले, तर निम्म्यांना गेफिटिनिब आणि रसायनोपचार दोन्ही दिले. आजार आटोक्यात राहण्याचा मध्यम कालावधी पहिल्या गटात ८ महिने, तर दुसऱ्या गटात १६ महिने भरला. दुसऱ्या गटातील रुग्णांना औषधांचा त्रास अधिक झाला, हेही अभ्यासकांनी नोंदविले. एक खूण सापडली म्हणजे निर्णय संपत नाही. रुग्णाची शक्ती, वय आणि इच्छा यांचाही विचार करावाच लागतो, हा बोध या अभ्यासातून मिळतो.

६. औषध टाळण्यासाठीही चाचणी

काही चाचण्या औषध निवडण्याऐवजी ते टाळता येईल का, हे सांगतात. स्तनाच्या कर्करोगातील २१ जनुकांची चाचणी अशीच आहे. आजार काखेतील गाठींपर्यंत पोहोचलेला नाही, संप्रेरक ग्राहक आहेत आणि हर-२ नाही, अशा स्त्रियांसाठी ती उपयोगी पडते. दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. या चाचणीत मध्यम गुण मिळालेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांना संप्रेरक रोखणाऱ्या औषधाच्या जोडीला रसायनोपचार देऊन अधिक लाभ होत नाही, असे त्यात दिसून आले. अशा स्त्रियांचा रसायनोपचाराचा त्रास आणि खर्च टळू शकतो. ही परदेशी चाचणी महाग आहे. बंगळुरू येथे पाच प्रथिनांच्या तपासणीवर आधारलेली, त्याच हेतूची भारतीय चाचणीही विकसित झाली आहे.

७. गावातील रुग्ण आणि दूरची प्रयोगशाळा

या चाचण्या मोठ्या शहरांत होतात; रुग्ण मात्र गावोगावी असतात. उदाहरणादाखल कर्नाटकातील म्हैसूर जिल्ह्यातले सरगूर घेऊ. कबिनी नदीच्या परिसरातील, जंगलांच्या शेजारचे हे लहानसे तालुक्याचे ठिकाण. म्हैसूरच्या तरुण वैद्यकीय विद्यार्थ्यांनी १९८४ साली स्थापन केलेल्या स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंट या संस्थेचे रुग्णालय तेथे आहे. आसपासच्या खेड्यांतील आणि आदिवासी वस्त्यांतील लोक त्याचा लाभ घेतात. जनुके तपासणारी यंत्रे अशा गावात असावीत, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. म्हैसूर तेथून पन्नासहून अधिक किलोमीटरवर आणि किडवाई कर्करोग संस्था असलेले बंगळुरू त्याहून कितीतरी पुढे. महाराष्ट्रातील धडगाव किंवा भामरागड येथील रुग्णाची स्थिती याहून वेगळी नाही.

अशा वेळी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नमुना नीट जपला, तर रुग्णाने प्रत्येक चाचणीसाठी प्रवास करण्याची गरज नसते. नमुनाच प्रवास करू शकतो. गाठीचा जो तुकडा तपासणीसाठी काढतात, त्या क्रियेला बायोप्सी म्हणतात. हा तुकडा शक्यतो तासाभराच्या आत फॉर्मॅलिन या द्रावणात बुडवावा लागतो. द्रावण तुकड्याच्या मानाने भरपूर, सुमारे दहापट असावे. तुकडा साध्या पाण्यात किंवा कोरड्या डबीत ठेवला, तर पेशी कुजू लागतात. स्तनाच्या गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये कमीत कमी ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास असावा, असा संकेत आहे. त्याहून कमी वा अधिक काळ गेला, तर प्रथिनांची खूण असूनही ती दिसेनाशी होण्याचा धोका असतो. आणि खूण दिसली नाही, तर रुग्ण योग्य औषधाला मुकतो. बाटलीवर नाव आणि वेळ लिहिणे हे काम क्षुल्लक वाटते. परंतु त्यावर कोणाचे तरी आयुष्य अवलंबून असते.

पुढे प्रयोगशाळेत हा तुकडा मेणात बसवून त्याचा ठोकळा तयार करतात. व्यवहारात त्याला 'ब्लॉक' म्हणतात. त्याचे अतिशय पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. हा ठोकळा नेहमीच्या तापमानात वर्षानुवर्षे टिकतो. सरगूरच्या रुग्णाचा ठोकळा बंगळुरूला किंवा मुंबईला पाठविता येतो आणि दुसऱ्या तज्ज्ञाचे मतही मागविता येते. म्हणून अहवालाच्या कागदाइतकाच ठोकळाही मोलाचा आहे. तो कोठे ठेवला आहे, हे कुटुंबाने विचारून लिहून ठेवावे. जिवंत पेशींची परीक्षा करावयाची असेल, तर मात्र नमुना ताजा लागतो. फॉर्मॅलिनमध्ये पेशी जिवंत राहत नाहीत.

देशातील कर्करोग रुग्णालयांना एकत्र जोडण्यासाठी २०१२ साली राष्ट्रीय कर्करोग जाळे स्थापन झाले. टाटा मेमोरियल केंद्राच्या पुढाकाराने चालणाऱ्या या जाळ्यात देशभरातील शेकडो संस्था सहभागी आहेत. लहान गावातील रुग्णालाही मोठ्या केंद्रांसारखेच उपचार मिळावेत, हा त्यामागील हेतू आहे.

८. रुग्णाने विचारावयाचे प्रश्न

डॉक्टरांना प्रश्न विचारणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखविणे नव्हे. चाचणी सुचविली गेली, की पुढील प्रश्न नम्रपणे, पण स्पष्टपणे विचारावेत.

• या चाचणीच्या निकालामुळे माझ्या उपचारात नेमका काय बदल होईल?
• ही चाचणी प्रस्थापित आहे की अजून संशोधनाच्या पातळीवर आहे?
• निकाल येईपर्यंत उपचार थांबविणे सुरक्षित आहे का?
• खर्च किती आहे? शासकीय आरोग्य योजनेत तो बसतो का?
• माझ्या नमुन्याचा ठोकळा पुरेसा आहे का, की पुन्हा तुकडा काढावा लागेल?

यांतील पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. निकाल काहीही आला तरी उपचार तोच राहणार असेल, तर त्या चाचणीवर खर्च करण्यापूर्वी विचार करावा. निकालाने उपचार बदलणार असेल, तर ती चाचणी उपचारापूर्वीच करून घ्यावी. घाईने पहिले औषध सुरू करून मागाहून चाचणीचा विचार करू नये. अर्थात काही कर्करोगांत दिवसांचाही विलंब घातक ठरतो, म्हणून हा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा. आजार उलटल्यास पुन्हा तपासणी करणेही हिताचे असते. कारण काळाच्या ओघात पेशींच्या खुणा बदलू शकतात.

मातीचे परीक्षण केले म्हणून पीक येईलच, अशी हमी कोणी देत नाही. पाऊस आणि हवामान यांवरही बरेच अवलंबून असते. पेशींच्या परीक्षेचेही तसेच आहे. ती यशाची हमी देत नाही. परंतु निरुपयोगी औषधाच्या यातनांपासून अनेकांना वाचविते आणि योग्य औषधापर्यंत लवकर पोहोचविते. रुग्णाजवळ वेळ थोडा असतो, तेव्हा एवढेही फार मोठे असते.

पाठगत प्रश्न – २

१. बशीतील परीक्षेत सायक्लोफॉस्फामाइड निरुपयोगी का भासू शकेल?
२. स्तनाच्या कर्करोगात कोणत्या तीन प्रथिनांची तपासणी करतात?
३. गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये का ठेवतात?

शब्दार्थ

ऊती – सारख्या प्रकारच्या पेशींचा समूह
संप्रेरक – शरीरातील ग्रंथींतून स्रवणारे, शरीराच्या क्रियांना चालना देणारे द्रव्य
प्रतिजैविक – रोगजंतूंना मारणारे किंवा त्यांची वाढ रोखणारे औषध
निष्प्रभ – परिणाम न करणारे
त्रिमित – लांबी, रुंदी आणि उंची असलेले
भिस्त – भरवसा, मदार
संकेत – ठरलेला नियम, रीत

भाषाभ्यास

१. 'प्रतिजैविक', 'प्रतिकार', 'प्रतिसाद' या शब्दांच्या आरंभी 'प्रति' हा उपसर्ग आला आहे. तोच उपसर्ग असलेले आणखी तीन शब्द लिहा.
२. रसायन + उपचार = रसायनोपचार. येथे 'अ' आणि 'उ' एकत्र येऊन 'ओ' झाला आहे. याच प्रकारे पुढील शब्दांचा संधी करा : सूर्य + उदय, महा + उत्सव. दुसऱ्या शब्दात कोणते स्वर एकत्र आले, तेही लिहा.
३. 'ऊतिसंवर्धन' म्हणजे ऊतींचे संवर्धन. या समासाचे नाव सांगा.

तुम्ही काय शिकलात

• कर्करोगाचे नाव एकच असले, तरी रुग्णागणिक पेशींचा स्वभाव वेगळा असू शकतो.
• पेशींची परीक्षा दोन प्रकारे होते : जिवंत पेशींवर औषधे वापरून आणि पेशींवरील खुणा तपासून. आज दुसरा प्रकार अधिक भरवशाचा आहे.
• नमुना नीट जपला, तरच चाचणीचा निकाल विश्वसनीय ठरतो.
• निकालाने उपचार बदलणार असतील, तर ती चाचणी उपचारापूर्वी करावी.

स्वाध्याय

१. 'बशी म्हणजे शरीर नव्हे', हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. डॉ. कमल रणदिवे यांच्या कार्याविषयी आठ-दहा ओळी लिहा.
३. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातील आकडे तक्त्याच्या स्वरूपात मांडा आणि त्यावरून निघणारा निष्कर्ष आपल्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या गावापासून सर्वांत जवळचे कर्करोग उपचार केंद्र कोठे आहे? तेथे जाण्याची सोय, लागणारी कागदपत्रे आणि शासकीय योजनांची मदत यांविषयी चौकशी करून टिपण तयार करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : १. ऊतिसंवर्धन २. वसंत रामजी खानोलकर ३. चूक
प्रश्न – २ : १. ते यकृतात रूपांतर झाल्यावरच प्रभावी ठरते आणि बशीत यकृत नसते. २. इस्ट्रोजेन ग्राहक, प्रोजेस्टेरॉन ग्राहक आणि हर-२. ३. पेशी कुजू नयेत आणि त्यांच्यावरील खुणा टिकून राहाव्यात म्हणून.